उल्हास खोऱ्यातील कृत्रिम रेशीम आणि दोन अनुस्पंदने

शके 982 मध्ये, म्हणजे इ. स. 1060 मध्ये, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीत वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवालय पूर्णत्वास गेले, याचा दाखला तेथील शिलालेखातच कोरलेला आहे. परंतु त्याच परिसराचा अर्वाचीन इतिहास लिहू पाहणाऱ्याला पाषाणाइतकेच गंधकाम्लाकडे लक्ष द्यावे लागते. 1919 मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने येथे गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट यांचा कारखाना घातला, 1923 मध्ये स्थापन झालेल्या विमको कंपनीने आगकाड्यांचा. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने कल्याणजवळ वसवलेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचा मुक्काम पडून 8 ऑगस्ट 1949 रोजी तिचे उल्हासनगर झाले, तेव्हा या मुलखाला उद्योगी मनुष्यबळाचाही प्रचंड लाभ झाला. बदलापुराकडील वसाहती पुढच्या, बारवी धरणाच्या पाण्यावर पोसलेल्या. लोहमार्ग आणि उल्हासेचे पाणी, या दोन कारणांपुढे बाकीची कारणे गौण होत.

या सर्व उद्योगांत मला अत्यंत विचारप्रवर्तक वाटतो तो उल्हासनगरच्या शहाड येथील सेंच्युरी रेयॉनचा, कारण वनस्पतीचे काष्ठ आणि स्त्रियांच्या अंगावरचे झुळझुळीत वस्त्र यांच्यामध्ये जी रासायनिक वाट आहे ती येथे रोज चालली जाते. लाकडाच्या लगद्याचे तक्ते कॉस्टिक सोड्याच्या द्रवात भिजवायचे, पिळून त्यांचा भुगा करायचा, तो ठरावीक उष्णतामानात मुरू द्यायचा, मग कार्बन डायसल्फाइडच्या संयोगाने त्याला नारिंगी रंग चढवायचा, पुन्हा सौम्य सोड्यात विरघळवून मधासारखा दाट द्रव करायचा, आणि हा व्हिस्कोज द्रव सूक्ष्म छिद्रांच्या टोपीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की त्याचे पुन्हा सेल्युलोजचे तंतू व्हायचे, असा हा विधी आहे. मुरवण्याच्या अवधीत हवेतील ऑक्सिजन सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतो. ही तोडणी मुक्त मूलकांच्या, म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिलेल्या रेणुखंडांच्या, द्वारे होते, आणि ती कमी झाली तर द्रव छिद्रांतून जात नाही, अधिक झाली तर धागा तुटतो. द्रवाची घट्टता कशी जोखावी? तर त्यात पोलादी गोळी सोडून ती किती क्षणांत तळ गाठते ते मोजावे. ही रीत साधी व उपयुक्त आहे. मात्र साखळीच्या अंतरंगातील एकेक अणू कोणत्या अवस्थेत आहे, याची वार्ता गोळी देऊ शकत नाही.

ती वार्ता देणाऱ्या विद्येचा एक आद्य पुरुष मुंबईतच काम करीत होता, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसावी याचा मला खेद वाटतो. 1945-46 च्या हिवाळ्यात पर्सेल आणि ब्लॉख यांच्या स्वतंत्र प्रयोगांतून अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे चुंबकक्षेत्रातील अणुकेंद्रांनी ठरावीक रेडिओतरंगांना दिलेला प्रतिसाद, ज्याला आज सर्वत्र एन.एम.आर. म्हणतात, ते घन-द्रव पदार्थांत प्रत्ययास आले. आणि ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेत श्रीनिवास धर्मट्टी यांनी अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्या सहकार्याने 1951 मध्ये दाखवून दिले की, साध्या एथिल अल्कोहोलातील हायड्रोजनाची केंद्रे आपापल्या शेजारानुसार तीन निरनिराळे संकेत देतात आणि त्यांचे प्रमाण तीनास दोनास एक असे पडते. रेणूची घडण रेणू न मोडता वाचता येते, हे त्या तीन संकेतांनी सिद्ध केले. पुढे होमी भाभांच्या निमंत्रणावरून धर्मट्टी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी या विद्येची परंपरा उभी केली.

दुसरे अनुस्पंदन इलेक्ट्रॉनाचे. ते झावोइस्की यांनी 1944 मध्ये कझान येथे शोधले, त्याला ई.पी.आर. म्हणतात, आणि वर सांगितलेल्या मुक्त मूलकांसारख्या, एकाकी इलेक्ट्रॉन असलेल्या पदार्थांतच ते दिसते. एकाच चुंबकात दोघांच्या लयी अत्यंत विजोड असतात: सुमारे 0.34 टेस्ला क्षेत्रात हायड्रोजनाचे केंद्र सेकंदाला सुमारे दीड कोटी आवर्तनांना प्रतिसाद देते, तर इलेक्ट्रॉन साडेनऊशे कोटींच्या आसपास. ही विषमताच उपकारक ठरू शकेल हे 1953 मध्ये ओव्हरहाउजर या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने ओळखले. इलेक्ट्रॉनांना सूक्ष्मतरंगांनी चाळवले असता त्यांची शिस्त केंद्रांकडे संक्रमित होऊन केंद्रांचा क्षीण संकेत, तत्त्वतः हायड्रोजनाच्या बाबतीत साडेसहाशे पटींहून अधिक, बळावेल असे त्याचे गणित होते. बड्या शास्त्रज्ञांनी यावर अविश्वास दाखवला, पण कार्व्हर व स्लिक्टर यांनी त्याच वर्षी लिथियम धातूवर त्याची प्रचीती दिली. 1956 मध्ये फेहर यांनी उलट दिशा धरली: फॉस्फरसमिश्रित सिलिकॉनमध्ये केंद्रांना रेडिओतरंगांनी हलवून त्याचा परिणाम इलेक्ट्रॉनाच्या संकेतात वाचला, आणि एंडॉर नावाची पद्धती जन्मास आली.

त्यानंतरचा काळ पुष्कळसा प्रतीक्षेचा. उच्च चुंबकक्षेत्रात इलेक्ट्रॉनांना चाळवण्याजोगे प्रबळ सूक्ष्मतरंग उपलब्ध नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एम.आय.टी.त ग्रिफिन यांच्या गटाने जायरोट्रॉन नावाची नलिका कामी आणली तेव्हा हा मार्ग मोकळा झाला. आणि मग, 2012 मध्ये, ग्रनोबल येथील संशोधकांनी या संयुक्त पद्धतीच्या कसोटीसाठी जो पदार्थ निवडला तो होता सेल्युलोज! निसर्गातील कार्बनात एन.एम.आर.ला दिसणारा कार्बन-13 हा समस्थानिक शेकडा एकाच्या आसपास असतो. तेव्हा असे दोन अणू शेजारी येण्याची शक्यता दहा हजारांत एक. अशा दुर्मिळ जोड्यांचा परस्परसंबंध, पदार्थाला कृत्रिम समस्थानिकाची भर न घालता, द्विमूलक, म्हणजे दोन एकाकी इलेक्ट्रॉन असलेला रेणू, मिसळून व सुमारे 100 केल्विनपर्यंत थंड करून त्यांनी अल्पावधीत टिपला.

काष्ठातील मूळ सेल्युलोज आणि कुंडातून निघालेल्या धाग्यातील सेल्युलोज यांची स्फटिकरचना भिन्न आहे, हे क्ष-किरणांनी फार पूर्वीच सांगितले होते; घन पदार्थाच्या एन.एम.आर. वर्णपटात सहाव्या कार्बनाचा संकेत निराळ्या जागी सरकलेला दिसतो तो याच भेदामुळे. असे भेद तपासण्याची साधने आपल्याकडेही आहेत: पवईच्या आय.आय.टी.त शासनाच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या उपकरण केंद्रात ई.पी.आर. आणि एन.एम.आर. दोन्ही यंत्रे असून बाहेरच्या कारखान्यांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासले जातात. ही सोय अंबरनाथ-बदलापूरच्या छोट्या रंग व औषधी-द्रव्य कारखानदारांपासून अवघ्या काही कोसांवर आहे. आपल्या औद्योगिक इतिहासांत कारखान्यांची भांडवले आणि मजुरांच्या संख्या तपशीलवार नोंदल्या जातात. धर्मट्टींचे ते तीन संकेतही, माझ्या मते, त्याच दप्तरात दाखल व्हावयास हवेत.