तारांकित प्रश्न

तारांकित प्रश्न : विधिमंडळाच्या सदस्याने मंत्र्याला लेखी पाठवलेला आणि ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी मिळावे अशी अपेक्षा आहे असा प्रश्न. त्यावर तारा काढलेला असतो, म्हणून हे नाव. तारा नसलेल्या, म्हणजे अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. महाराष्ट्राच्या विधानसभेत (२८८ सदस्य) आणि विधानपरिषदेत (७८ सदस्य) बैठकीचा पहिला तास सर्वसाधारणपणे या प्रश्नांसाठी राखलेला असतो. या पद्धतीचे स्वरूप येथे मुख्यतः पैठण आणि तिथले जायकवाडी धरण यांच्या आधारे मांडले आहे. एकाच धरणाबद्दल वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंनी मंत्र्याला जाब विचारला जावा, अशी ठिकाणे राज्यात थोडीच आहेत.

छापील यादीत प्रश्नाचा घाट ठरलेला असतो. आधी क्रमांक, मग सदस्याचे नाव, नावापुढे कंसात मतदारसंघ, उदाहरणार्थ ‘(पैठण)’, आणि नंतर ‘सन्माननीय जलसंपदा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. पुढे एकेक भाग. अमुक वितरिकेचे काम अर्धवट राहिले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही त्याच क्रमाने येते : ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. ही भाषा रुक्ष आहे, पण तिचा शेवटचा भाग फार मोलाचा आहे. शासनाने काहीच केले नसेल, तर का केले नाही हेही त्याला सांगावे लागते. कालव्याच्या टेलला जमीन असलेल्या शेतकऱ्याला हे कारण शाखा कार्यालयाच्या पायरीवर कुणी देत नाही. सभागृहात ते मंत्र्याच्या नावाने छापून येते.

त्या चार ओळींच्या उत्तरामागे बरीच धावपळ असते. सरकारी कार्यालयात या प्रश्नाला ‘एलएक्यू’ म्हणतात, विधानपरिषदेचा असेल तर ‘एलसीक्यू’. मंत्रालयातल्या कार्यासनाकडून तो गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे किंवा छत्रपती संभाजीनगरातल्या ‘कडा’ म्हणजे लाभक्षेत्र विकास प्राधिकरणाच्या कार्यालयाकडे येतो, तिथून कार्यकारी अभियंत्याकडे आणि शेवटी शाखा अभियंत्याच्या टेबलावर. मोजमाप पुस्तिका, देयके, निविदेची कागदपत्रे बाहेर निघतात. धूळ खात पडलेली फाईल एका दिवसात मुंबईच्या वाटेला लागते. पुष्कळदा प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच अडलेले काम हलते. प्रश्नाचा हा परिणाम कोणत्याही कामकाजवृत्तात नोंदला जात नाही.

तोंडी उत्तराचे खरे महत्त्व उपप्रश्नात आहे. लेखी उत्तर विभाग तयार करून देतो. उपप्रश्न मंत्र्याला स्वतः झेलावा लागतो. ज्याला आपला विभाग ठाऊक आहे तो तारीख सांगतो, रक्कम सांगतो, चूक असेल तर कबूल करतो. ज्याला ठाऊक नाही तो ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणतो, आणि काही वेळा अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात. ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ असे वाक्य मंत्र्याच्या तोंडून निघाले की ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. ज्या तारांकित प्रश्नांची पाळी तासात येत नाही, त्यांची उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. ती छापली जातात, पण उपप्रश्नाची संधी गेलेली असते. म्हणून गदारोळात हा तास वाया गेला की सर्वांत जास्त नुकसान दूरच्या तालुक्यांचे होते. मोठ्या शहरांची गाऱ्हाणी वर्तमानपत्रे मांडतात; तालुक्याच्या चारीची आणि पुलाची बाजू मांडायला हाच तास असतो.

हिंदुस्थानात हा हक्क तुकड्यातुकड्याने मिळाला. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सदस्यांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण उपप्रश्न विचारता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा दिली आणि १९१९ नंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले बसले ते या काळात. पैठण मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लोकांना जबाबदार असलेले मंत्रिमंडळच नव्हते, मग जाब विचारणार कुणाला? हैदराबाद मुक्तिसंग्रामाची मुळातली मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर मराठवाड्याचे आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. तेव्हा पैठणच्या माणसाच्या वतीने मंत्र्याला प्रश्न विचारला जाणे ही गोष्ट पाऊणशे वर्षांहून जुनी नाही.

जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातल्या एका गावाचे. धरण बांधले गेले पैठणला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या वेळचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांचा जन्म पैठणचाच (१४ जुलै १९२०), आणि पाटबंधारे मंत्री म्हणून या धरणामागे तेच उभे राहिले होते. उद्घाटन झाले तेव्हा देशात आणीबाणी होती. जुलै १९७५ च्या अधिवेशनात संसदेने प्रश्नोत्तरांचा तास स्थगितच ठेवला होता. २०२० च्या सप्टेंबरात करोनाच्या कारणाने तो पुन्हा वगळला गेला. अतारांकित प्रश्न तेवढे चालू राहिले.

जायकवाडीच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला जिवंत साठा सुमारे ७६. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. पैठण, घनसावंगी, गेवराई, माजलगाव, पाथरी इथल्या सदस्यांचा सवाल असतो की वरून पाणी का सोडले नाही. धरणाच्या वरच्या बाजूच्या नाशिक-अहिल्यानगरच्या सदस्यांचा सवाल असतो की का सोडले. दोघांना एकच मंत्री उत्तर देतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे कलम आले, मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणाने आदेश दिला. १५ ऑक्टोबरची साठ्याची आकडेवारी आणि जायकवाडीतला ६५ टक्के साठा (त्याहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचे), हे दोन निकष तेव्हापासून वादाच्या मध्यभागी आहेत. पूर्वी मंत्री ‘विचाराधीन आहे’ म्हणू शकत होता. आता त्याला कलम आणि टक्केवारी सांगून बोलावे लागते. प्रश्नाच्या मागे कायदा उभा राहिला की उत्तराचा दर्जा सुधारतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

खर्चाच्या बाबतीत एकटा प्रश्न फार दूर जात नाही. त्याला पुढे मागण्यांवरची चर्चा, कपात सूचना, लक्षवेधी, महालेखापरीक्षकांचा अहवाल आणि लोकलेखा समिती यांची जोड लागते. १९५७ मध्ये लोकसभेतल्या प्रश्नांतून मुंध्रा प्रकरण वर आले, खासदार फिरोझ गांधींनी आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा माग काढला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. महाराष्ट्रात आर्थिक पाहणीतल्या सिंचनाच्या आकड्यांवरून २०१२ मध्ये वादळ उठले आणि त्या वर्षाअखेर सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. मराठवाड्याचा अनुशेष किती, हे १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने आकड्यांत मांडले होते. हाती तसा आकडा असलेल्या सदस्याला टाळणे मंत्र्याला अवघड जाते. नुसत्या अन्यायाच्या भाषेला आश्वासन देऊन वाटेला लावता येते.

मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. पैठणचे आमदार संदिपान भुमरे २०१९ च्या डिसेंबरात रोजगार हमी व फलोत्पादन मंत्री झाले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेल्या रोजगार हमीवर स्वतंत्र विधिमंडळ समितीचीही नजर असते. त्या खात्याचा कारभार पैठणकडे आला आणि तेवढ्या काळापुरते प्रश्नांच्या यादीतल्या कंसातून ‘पैठण’ गेले. तालुक्याचा कालवा किंवा रस्ता सभागृहात आणायचा तर तो शेजारच्या मतदारसंघाच्या किंवा विधानपरिषदेच्या सदस्याकडून. २०२४ मध्ये भुमरे औरंगाबादमधून लोकसभेवर गेले आणि विधानसभेत पैठणहून विलास भुमरे निवडून आले. लोकसभेसाठी पैठण जालना मतदारसंघात मोडते. त्यामुळे दिल्लीत पैठणच्या मतदारांच्या वतीने प्रश्न विचारायचा तो जालन्याच्या खासदाराने.