मरवा, खपली आणि गव्हले

३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन पावले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. १८७४ मध्ये तिथे स्मारक उभे राहिले. त्याच्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांनीच रचला. कोल्हापूर आणि इटली यांच्या संबंधांची चर्चा बहुधा या स्मारकापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पण या दोन प्रदेशांचे आणखी एक नाते आहे. ते स्वयंपाकघराचे आहे आणि कोणी कोणाकडून उचललेले नाही.

महाराज वारले त्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये पेल्लेग्रिनो आर्तुझी नावाचा पन्नाशीचा व्यापारी राहत होता. १८९१ मध्ये त्याने घरगुती पाककृतींचे पुस्तक स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. आवृत्त्यांगणिक त्या वाढत ७९० झाल्या, कारण ठिकठिकाणच्या गृहिणी त्याला पत्राने कृती कळवू लागल्या. इटालियन घरगुती स्वयंपाकाचा हा पायाभूत ग्रंथ. आपल्याकडे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. चुलीवरची विद्या कागदावर उतरण्याचा काळ दोन्हीकडे जवळजवळ एकच.

या दोन्ही स्वयंपाकांची ओळख सांगणारा लाल रंग मात्र उसना आहे. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातली. टोमॅटोची इटलीतली नोंद १५४८ पासून मिळते. टोमॅटोच्या सॉसची छापील कृती यायला सतरावे शतक संपत आले. मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि मग घाट चढली. त्याआधी कोल्हापुरी रस्सा तिखट असलाच, तर मिऱ्यांनी.

रीतही ओळखीची वाटते. इटालियन गृहिणी कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर परतते. याला ‘सोफ्रित्तो’ म्हणतात. आपण कांदा, खोबरे, लसूण, तीळ भाजून वाटण करतो. दोन्हीकडे तत्त्व एकच : स्वाद आधी तेलात उतरवायचा, मग पाण्यात सोडायचा. सुगंधी पाल्याचाही नियम तोच. रोझमेरी किंवा तमालपत्रासारखी चिवट पाने सुरुवातीला पडतात, जसा आपला कढीपत्ता फोडणीत. बेसिलची कोवळी पाने पदार्थ उतरवल्यावर, जशी आपली कोथिंबीर. आचेवर राहिली तर वास उडून जातो.

आता ज्या पाल्याची पाकिटे आपण महाग भावाने आणतो, त्याच्याकडे पाहू. इटलीच्या लिगुरिया प्रांतात भरलेल्या पास्त्याच्या सारणात घालतात ती ‘माज्जोराना’ म्हणजे आपला मरवा. अगदी तीच वनस्पती. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना वेणी-गजऱ्यात जो विकत घेतो, तो. जेनोव्हाच्या पेस्तोतले बेसिल म्हणजे आपला सब्जा. वाण वेगळा, म्हणून वास थोडा निराळा. आपण त्याचे बी फालुद्यात घालतो आणि पाने सोडून देतो. तिथे जे पातेल्यात गेले, ते इथे केसांत आणि देवापुढे गेले.

धान्याचे तेच. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात पिकणारा खपली गहू हा इटलीतला ‘फार्रो’. दाण्याला टरफल घट्ट चिकटलेले, म्हणून तो आधी सडावा लागतो. तोस्कानातील गारफान्याना भागात त्याचे घेवड्याबरोबर सूप करतात : लसूण, सेज आणि वरून कच्चे ऑलिव्ह तेल. हे रोजचे, गरिबाचे जेवण. आपल्याकडे त्याची गूळ, खोबरे, खसखस घालून खीर होते, सणाला किंवा पंगतीला.

पास्त्याला आपण परका समजतो. मग गव्हले, नखुल्या, बोटवी, मालत्या हे काय आहे? गव्हाच्या भिजवलेल्या रव्याची चिमूट बोटांनी वळायची, दाण्याएवढी करायची, नखाने दाबायची. इटलीच्या पुलिया प्रांतातल्या बाया दारात बसून अंगठ्याने दाबत ‘ओरेक्येत्ते’ वळतात, ती हीच कला. फरक इतकाच, की त्यांचे ओरेक्येत्ते कडू पालेभाजीबरोबर रोजच्या ताटात जातात आणि आपले गव्हले लग्नाच्या रुखवतात.

मला वाटते, दोन्हीकडे पुढे जे घडले त्याचे मर्म या फरकात आहे. जो पदार्थ फक्त विधीचा उरतो, तो विधी आटोपशीर झाला की जातो. कार्यालयातल्या लग्नात गव्हले वळायला चार बायकांना चार दुपारी कुठून मिळणार? सडायची कटकट नसलेले, भरघोस पिकणारे गहू आले आणि खपली मागे पडला. गारफान्यानाच्या फार्रोला १९९६ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक निर्देशन मिळाले. कोल्हापुरी गुळालाही आपल्याकडे २०१४ मध्ये ते मिळाले. पण नुसत्या शिक्क्याने पीक टिकत नाही. फार्रो टिकला तो मुख्यतः आठवड्यातून दोनदा कोणाच्या तरी घरी त्याचे सूप शिजत राहिले म्हणून. आता खपली शहरातल्या दुकानांत ‘आरोग्यदायी’ म्हणून चढ्या भावाने परत आला आहे; घरातल्या डब्यात तो अजून पुरता परतलेला नाही.

इटालियन घरगुती स्वयंपाकाकडून काही शिकायचे असेल तर ते पाकिटातल्या पाल्याचे नाव नव्हे. पवित्र मानलेली गोष्ट रोज खाल्ल्याने तिचा मान कमी होत नाही, एवढेच शिकायचे. या दिवाळीत वेणीसाठी आणलेल्या मरव्याच्या जुडीतून चार काड्या बाजूला ठेवाव्यात आणि लसणाच्या फोडणीवर शिजवलेल्या खपलीत उतरवताना टाकून पाहाव्यात. उरलेला मरवा अर्थातच अंबाबाईचा.