बीटलचा उसना दम

१९५०च्या दशकात अमेरिकेत फोक्सवॅगन बीटल घेणाऱ्याचं दुखणं बहुधा एकच असायचं, ते म्हणजे चढ. गाडी स्वस्त, पेट्रोलला काटकसरी, थंडीत पाणी गोठायची भीती नाही, कारण इंजिन हवेनं थंड होणारं. पण ११९२ सीसीच्या त्या इंजिनाची ताकद जेमतेम ३६ अश्वशक्ती. ताशी ६० मैलांचा वेग गाठायला जवळजवळ अर्धा मिनिट जायचा. त्यात २९ जून १९५६ रोजी आयझेनहॉवर यांनी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली आणि देशभर रुंद, सरळ रस्त्यांची कामं निघाली. त्या रस्त्यांवर मोठमोठ्या व्ही-एट गाड्यांच्या रांगेत मध्येच घुसायचं, तर पिकअप हवाच.

हा अशक्तपणा मुद्दाम ठेवलेला होता. बीटलचा कार्ब्युरेटर लहान, हवा आत नेणारी नळी अरुंद. इंजिनाला जास्त श्वास घेताच येऊ नये, म्हणजे चालक दिवसभर पाय दाबून बसला तरी ते तुटणार नाही, असा हिशेब. म्हणूनच बीटल ताशी ६८ मैलांच्या कमाल वेगाला तासन्‌तास निवांत पळे. कारखान्यानं ताकद देऊन आयुष्य विकत घेतलं होतं म्हणा ना.

फिलाडेल्फियाजवळच्या कॉन्शोहॉकन गावातल्या जडसन कंपनीनं नेमक्या याच जागी दुकान मांडलं. पट्ट्यावर फिरणारा एक सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, तिनं बीटलसाठी काढला. गाडी दीड हजार डॉलरची, हा संच साधारण दीडशेचा. इंजिन उतरवायची गरज नाही, पाने-पकड हाताळता येणारा माणूस घरीच बसवू शके. कंपनीचा दावा ताकद जवळपास दीडपट होण्याचा.

आतली करामत बघण्यासारखी आहे. गोल डब्यात एक रोटर, पण मध्यभागी नाही, एका कडेला सरकवून बसवलेला. त्याच्या खाचांमध्ये चार पाती सैल ठेवलेली. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जाऊन डब्याच्या भिंतीला घासत जातात. दोन पात्यांमधली जागा आधी मोठी होते तेव्हा हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं, मग ती आक्रसते आणि मिश्रण दाबून इंजिनात ढकललं जातं. दाब चौरस इंचाला पाच-सहा पौंडांचा. मूळच्या इंजिनात मिश्रण फारसं दाबलं जात नसे, कॉम्प्रेशनचं प्रमाण ६.६ला एक इतकंच होतं, म्हणून हा जादा मारा पचून जाई.

पाती घासणार म्हटल्यावर त्यांना तेल हवं. त्यासाठी इंजिनाशेजारी एक छोटी बरणी बसवत आणि तिच्यात मार्व्हल मिस्टरी ऑइल नावाचं लालसर तेल भरत. ते थेंबथेंब ओढलं जाऊन मिश्रणाबरोबर जळून जाई. बरणी रिकामी आहे हे ज्याच्या लक्षात राहिलं नाही, त्याच्या पात्यांचं काही खरं नसे.

कल्पना तशी जुनीच. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते कारखान्यांच्या कामासाठी. १९०८ मध्ये जडसनच्याच पेनसिल्व्हानिया राज्यातल्या ली चॅडविक यांनी शर्यतीच्या गाडीला सुपरचार्जर लावला. १९२१ मध्ये मर्सिडीजनं बर्लिनच्या प्रदर्शनात तो विक्रीच्या गाड्यांवर दाखवला. छोट्या गाड्यांच्या बाबतीत मात्र इंग्रजांचं नाव आधी घ्यायला हवं: फेब्रुवारी १९३१ मध्ये जॉर्ज आयस्टन यांनी फ्रान्समधल्या माँटलेरीच्या धावपट्टीवर सुपरचार्जर लावलेली ७५० सीसीची एमजी ताशी शंभर मैलांच्या पुढे पळवली. पुढे इंग्लंडमध्ये शॉरॉक कंपनीचे सुपरचार्जर मिळू लागले, आणि सिडनी अ‍ॅलर्ड यांनी १९६०च्या दशकात ते फोर्ड अँग्लियावर बसवून ‘अ‍ॅलर्डेट’ या नावानं गाड्या विकल्या. पण हे सगळं हौशी शर्यतबाजांचं जग. जडसनचं गिऱ्हाईक निराळं होतं. रोज कामावर जाणारा, ट्रकमागे अडकून कंटाळलेला माणूस.

किंमत मोजावी लागे ती उष्णतेत. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला जादा ताकदीबरोबर जादा तापही सोसावा लागतो, आणि बीटलचा तिसरा सिलिंडर ऑइल कूलरच्या आडोशाला असल्यानं आधीच जास्त तापायचा. जर्मन अभियंत्यांनी राखून ठेवलेलं आयुष्यच हा डबा वेगाच्या रूपात खर्चून टाकत होता. चढापुरता वापरणाऱ्याचं निभावून जाई. सदा पाय दाबून ठेवणाऱ्यानं इंजिन उघडायची तयारी ठेवावी.

फोक्सवॅगननं स्वतः ताकद वाढवली ती सावकाश, इंजिन बदलत आणि मोठं करत. १९६१च्या मॉडेलला ४० अश्वशक्ती मिळाल्या, १९६६च्या १३०० सीसीला ५०. अमेरिकेत १९६७च्या मॉडेलची १५०० सीसीची बीटल आली तेव्हा आकडा ५३ झाला. जडसननं त्याच्या साधारण दहा वर्षं आधी जुन्या ३६ अश्वशक्तींचे जेवढे करून देण्याचा दावा केला होता, जवळपास तेवढाच.