गोळीच्या स्थैर्याचा विचार : रॉबिन्स ते ग्रीनहिल

नळीतून सुटलेली गोळी वाट का सोडते, या प्रश्नाचे उत्तर बेंजामिन रॉबिन्स याने प्रयोगाने शोधले. गुळगुळीत नळीत एका बाजूस घासल्याने गोळी गिरकी घेते व हवेत वळते. शेवट डावीकडे वाकविलेल्या नळीतून सुटलेली गोळी पुढे उजवीकडे वळते, हे दाखवून त्याने हे कारण सिद्ध केले. १७४७ मध्ये त्याने पेचदार नळीचा पुरस्कार केला. १७५१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असता फोर्ट सेंट डेव्हिड येथे तो निवर्तला. पुढे लांबट गोळी रूढ झाली आणि गिरकी किती असावी, हा नवा प्रश्न उभा राहिला. १८७९ मध्ये ग्रीनहिलने त्याचे गणित मांडले : व्यास तोच राहून लांबी वाढली, तर पेचाचा फेरा कमी अंतरात पूर्ण व्हावा लागतो. सारांश, गिरकी हाच दोष आणि गिरकी हाच उपाय. भेद केवळ तिच्या अक्षाच्या नियमनाचा आहे.