झाडाखालची गाडी चिकट का होते? शहरी झाडांचा रस पिणाऱ्या ‘पिठ्या ढेकणा’ची गोष्ट

रात्री झाडाखाली लावलेली गाडी सकाळी चिकट झालेली असते. हा झाडाचा डिंक नव्हे. बऱ्याचदा ती रस पिणाऱ्या किड्यांची गोड विष्ठा असते. मुंबईतले अनेक जुने पर्जन्यवृक्ष वाळले, तेव्हा अशाच एका किडीचं नाव पुढे आलं. ती म्हणजे पिठ्या ढेकूण, अर्थात मिलीबग.

ही कीड काय करते?

पिठ्या ढेकूण सुईसारख्या सोंडेने कोवळ्या फांद्यांतला रस शोषतो. जास्तीची साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकतो. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पानांना ऊन कमी मिळतं. गोडासाठी आलेल्या मुंग्या किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. मादीला पंख नसतात, पण इवलीशी पिल्लं वाऱ्यासोबतही पसरतात.

शहरात ती जास्त का वाढते?

एक कारण म्हणजे उष्णता. अमेरिकेतल्या रॅले शहरात ओक झाडांवरच्या खवले किडीचा अभ्यास झाला. ही पिठ्या ढेकणाचीच नातलग. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, शहराच्या सर्वांत उष्ण भागांत ती थंड भागांपेक्षा १३ पटींपर्यंत जास्त होती.

दुसरं कारण काँक्रीट. बुंध्यापर्यंत काँक्रीट असेल तर मुळांना पाणी आणि हवा कमी मिळते. अशा अशक्त झाडाला किडीचा मार सोसत नाही.

मग फवारणी करायची का?

अंगावरच्या मेणाच्या पांढऱ्या थरामुळे कीड बऱ्याचदा वाचते, पण तिला खाणारे ढालकिडे मरतात. मित्रकीटक किती उपयोगी पडतात, हे पपईवरच्या पिठ्या ढेकणाने दाखवलं. मूळची मेक्सिकोची ही कीड २००८ मध्ये तमिळनाडूत आढळली. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या चिमुकल्या परजीवी माश्यांनी तिला आटोक्यात आणलं.

शिवाय पान खाणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. बहाव्याची पानं खाणाऱ्या अळ्यांची पुढे फुलपाखरं होतात. शिंपी पक्षी पिल्लांना अशाच अळ्या भरवतो.

आपण काय करू शकतो?

• बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं.
• फांद्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर फोटोसह पालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. वाळलेली फांदी कोसळण्याची वाट पाहू नका.
• उन्हाळ्यात सोसायटीतल्या झाडांना पाणी द्या.

कीड डोळ्यांना दिसते, मुळांची घुसमट दिसत नाही. झाड वाचवायचं तर दोन्हींकडे पाहावं लागेल.