प्रतीक्षाकाल, बाल व किशोर मानसिक आरोग्यसेवेतील (स्कॉटलंड)

मुलाला मानसोपचाराची गरज आहे, अशी फॅमिली डॉक्टरची किंवा शाळेची चिठ्ठी सेवेकडे पोचल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ. स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यावर आधी २६ आठवड्यांची मर्यादा होती, डिसेंबर २०१४ पासून ती १८ आठवड्यांची आहे. निदान ९० टक्के मुलांचे उपचार या मुदतीत सुरू झाले पाहिजेत. देशपातळीवर हे पहिल्यांदा साधले ते २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी. ही प्रगती खरी असली तरी तिच्यावरून सेवेची परीक्षा करता येत नाही, कारण या टक्केवारीत मोजली जातात ती फक्त उपचार सुरू झालेली मुले. २०१८ च्या शासकीय पाहणीत दिसले, की साधारण पाचांतली एक चिठ्ठी नाकारली जात होती आणि अनेकदा मुलाला समोर न बसवता, नुसत्या कागदावरून. हाती पडे ते नकाराचे पत्र आणि फार तर एखाद्या संकेतस्थळाचा किंवा संस्थेचा पत्ता. अशा मुलाची प्रतीक्षा हिशेबात धरलीच जात नाही. घरात मात्र ती चालूच राहते.

यावर सेवेची बाजू अशी, की तज्ज्ञ मोजके आहेत, त्यांनी गंभीर आजारच पाहावेत. हे रास्त आहे. पण सौम्य त्रासाच्या मुलाला जायला दुसरी जागा असेल, तरच त्या नकाराला ‘योग्य ठिकाणी पाठवणे’ म्हणता येईल. ती जागा उभी करायला माध्यमिक शाळांत समुपदेशक नेमण्यासाठी निधी देण्यात आला, आणि फेब्रुवारी २०२० च्या राष्ट्रीय सेवा-निकषांनी नाकारलेल्या मुलांना योग्य मदतीपर्यंत पोचवण्याची जबाबदारीही सेवेवर टाकली. रांग खऱ्या अर्थाने आखूड होते ती अशाने. लक्ष्यामुळे आकड्यांचाच खेळ होतो, तेव्हा ते काढून टाका, असेही म्हटले जाते. पण लक्ष्य गेले तर कोणता विभाग मागे पडला हे विचारायचे साधनच जाईल. त्यापेक्षा नकार आणि पहिल्या भेटीनंतरची प्रतीक्षा त्याच तक्त्यात मांडणे बरे. हिशेबाबाहेर आणखीही मुले आहेत: स्वमग्नता किंवा अवधान-अस्थिरतेच्या (एडीएचडी) निदानासाठी थांबलेली मुले २०२१ पासून वेगळ्या निकषांखाली येतात. सोबत मानसिक आजार नसेल, तर १८ आठवड्यांचे लक्ष्य त्यांना लागूच होत नाही.