शय्या सोडण्याचा इतिहास

हृदय उघडून त्यावर शस्त्रक्रिया करण्याच्या विद्येचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा शस्त्रक्रियागृहाच्या दाराशीच थांबतात. छेद कोणी घेतला, यंत्र कोणी सिद्ध केले, रक्ताचा प्रवाह किती मिनिटे यंत्राच्या स्वाधीन राहिला, हा तपशील त्यांच्या ग्रंथांत विपुल सापडतो. परंतु टाके घातल्यानंतर ज्याला पुन्हा उठून बसावयाचे असते, जिना चढावयाचा असतो आणि भयमुक्त मनाने आपल्या संसारात परतावयाचे असते, त्या मनुष्याच्या पुढील दिवसांची हकीकत त्यांत क्वचितच आढळते. ती शोधू लागलो म्हणजे असे ध्यानात येते की, तिचा फार मोठा भाग अमेरिकेतील बॉस्टन या एका शहरात आणि त्यातही पीटर बेंट ब्रिगॅम या इस्पितळात घडला असून, तिचा संबंध शस्त्रापेक्षा रुग्णाच्या पलंगाशीच अधिक आहे.

पलंग हा हृदयरोग्याचा परम मित्र आहे, अशी वैद्यकाची शतकानुशतके श्रद्धा होती असे मात्र नाही. अठराव्या शतकात लंडनचे विल्यम हेबरडेन यांनी हृच्छूळाचे पहिले नेटके वर्णन केले, तेव्हा रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापण्याचा नेम धरून जवळजवळ बरा झालेला एक रुग्ण आपल्याला ठाऊक असल्याची नोंदही त्यांनी करून ठेवली होती. पण ती नोंद मागे पडली. 1912 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हृद्‌रोहिणीत रक्ताची गुठळी अडकूनही मनुष्य जगू शकतो हे दाखवून दिले आणि अशा रुग्णाला पूर्ण विश्रांती द्यावी असे सांगितले; पुढे 1939 साली मॅलरी, पॉल डडली व्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी मृतांच्या हृदयांची सूक्ष्म तपासणी करून, हृदयस्नायूची जखम भरून येण्यास सुमारे 6 आठवडे लागतात असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. जखमेची ही मुदत हीच शय्येचीही मुदत ठरली. रुग्णाने आपल्या हाताने जेवू नये, परिचारिकेच्या साह्यावाचून कुशीवर वळू नये, शौचासाठीही पलंग सोडू नये, असा कडक शिरस्ता पडला आणि तो मोडण्याची मुभा कोणालाही राहिली नाही. हेतू निखळ करुणेचा होता, हे आपण विसरता कामा नये. श्रमाच्या भाराने जखमी हृदय फाटेल ही भीती खरी होती. पण असे आठवडेच्या आठवडे निपचित पडलेल्या देहात काय घडत असते, याचा विचार कोणी फारसा केला नव्हता.

तो विचार ज्यांनी केला त्यांपैकी सॅम्युएल लेव्हाइन हे एक थोर नाव. 1923 साली ब्रिगॅम इस्पितळात शल्यवैद्य एलियट कटलर यांनी एका बालिकेच्या हृदयातील आकुंचित झडप शस्त्राने मोकळी करण्याचे धाडस केले, त्या प्रसंगी त्यांच्या बरोबरीने उभे असलेले वैद्य हेच लेव्हाइन होत. ती मुलगी त्यानंतर 4 वर्षांहून अधिक काळ जगली. पण पुढील रुग्णांपैकी बहुतेक सर्व दगावल्यामुळे ते कार्य जवळजवळ दोन दशके बंद पडले. लेव्हाइन मात्र रुग्णांचे निरीक्षण करीत राहिले. श्वास कोंडणारा रुग्ण आडवा पडला की अधिक कासावीस होतो आणि पाय खाली सोडून बसविला की त्याला आराम पडतो, ही साधी गोष्ट त्यांनी मनावर घेतली, तिची मीमांसा केली, आणि 1944 साली हृदयविकारात निजून राहण्यापासून होणाऱ्या अपायांवर एक निबंध लिहिला. बसलेल्या स्थितीत काही रक्त पायांकडे उतरते, फुप्फुसांतील दाटी कमी होते आणि हृदयावरचा भार हलका होतो. म्हणजे ज्या विश्रांतीसाठी पलंग योजला होता ती विश्रांती खुर्चीतच अधिक मिळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1952 मध्ये त्यांनी आपले तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांच्यासह 81 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हृदयाचा झटका आलेल्या या रुग्णांना लवकरच आरामखुर्चीत बसविण्यात आले होते आणि ज्या अनर्थाची सर्वांना धास्ती होती तो ओढवला नव्हता. हेच लाउन पुढे अण्वस्त्रविरोधी वैद्यांच्या चळवळीचे धुरीण झाले आणि 1985 साली त्या संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु खुर्चीच्या या प्रयोगाला इस्पितळातील सहकाऱ्यांनी किती प्रखर विरोध केला, हे त्यांनी उतारवयातही मोठ्या कळकळीने सांगितले आहे. रुग्णांचे चेहरे उजळले, झोपेच्या औषधांची गरज कमी झाली, आपण अजून माणसांत आहोत असा धीर त्यांना आला; आणि मला तर वाटते की, त्या निबंधातील शरीरशास्त्राइतकेच हे निरीक्षणही मोलाचे आहे.

याच बॉस्टनमध्ये, दुसऱ्या एका इस्पितळात, 1930–31 च्या सुमारास घडलेली एक घटना शल्यविद्येच्या सर्व इतिहासांत आवर्जून सांगितली जाते, पण तिचा शय्येशी असलेला संबंध क्वचितच कोणी दाखवितो. मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडलेली एक स्त्री बिछान्यात पडून बरी होत असता, अकस्मात रक्ताची एक गुठळी तिच्या फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकली. जॉन गिबन नावाचा एक तरुण डॉक्टर रात्रभर तिच्या उशाशी बसून नाडी आणि रक्तदाब टिपीत होता. सकाळी एडवर्ड चर्चिल यांनी अवघ्या काही मिनिटांत छाती उघडून गुठळी काढली. परंतु ती स्त्री वाचली नाही. त्या रात्री गिबन यांच्या मनात विचार आला की, तिचे काळवंडलेले रक्त बाहेर घेऊन त्यात प्राणवायू मिसळून ते पुन्हा देहात सोडता आले असते तर तिचा जीव राहिला असता; आणि पत्नी मेरी यांच्या साह्याने चालविलेल्या दीर्घ प्रयत्नांतून 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांच्या हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारे 18 वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र बुजविले गेले. ती मुलगी बरी झाली. ज्या यंत्राने उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया शक्य केली, त्याची प्रेरणा अशा एका मृत्यूत होती की ज्याला रुग्णाची निश्चल अवस्था बहुधा कारण झाली असावी. कारण पाय दीर्घकाळ न हलल्याने नीलांत रक्त साकळते आणि तेथूनच गुठळी सुटते, हे आज सर्वमान्य आहे. ही गोष्ट मला या साऱ्या वृत्तान्तातील सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

इतर शल्यक्रियांच्या बाबतीत रुग्णाला लवकर उठविण्याची कल्पना त्यापूर्वीच रुजू लागली होती. शिकागोच्या एमिल रीस यांनी 1899 मध्येच तिचा पुरस्कार केला होता आणि दुसऱ्या महायुद्धात खाटांची टंचाई पडली तेव्हा तिला व्यवहाराचे बळ मिळाले. 1947 साली रिचर्ड अॅशर यांनी इंग्लंडमध्ये बिछान्याच्या धोक्यांविषयी लिहिलेला लेख तर वैद्यकीय वाङ्मयात प्रसिद्धच आहे. तरीही हृदयावरील शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वाट्याला हे स्वातंत्र्य सहजासहजी आले नाही. आरंभीच्या काळात छाती बहुधा आडवी, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत उघडीत, आणि त्या जखमेने प्रत्येक श्वास यातनामय होई. 1957 च्या सुमारास उरोस्थी उभी छेदण्याची रीत प्रचारात आली. तीत पोलादी तारांनी सांधलेले हाड जुळून येण्यास साधारण 6 ते 8 आठवडे आणि पूर्ण बळकट होण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून हातांनी वजन उचलण्याची बंदी कायम राहिली, पण पायांवरची बंदी हळूहळू उठली. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावयाची, दीर्घ श्वासाचा अभ्यास करावयाचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणाचा तरी हात धरून वऱ्हांड्यात चार पावले टाकावयाची, हा क्रम आज आपल्या गावोगावच्या रुग्णांच्या परिचयाचा झाला आहे.

देहाची ही कथा जितकी स्पष्ट लिहिली गेली तितकी मनाची गेली नाही. तिचा पहिला अध्याय वैद्यांनी लिहिला नसून रुग्णांनी लिहिला. महायुद्धात सैनिकांच्या हृदयांतून आणि हृदयाच्या आसपास रुतलेल्या गोळ्या व तुकडे काढून नावारूपास आलेले ड्वाइट हार्कन हे ब्रिगॅम इस्पितळात झडपांवर शस्त्रक्रिया करीत होते. 1951 साली त्यांचे चार रुग्ण एकत्र जमले आणि आपण ज्या भयातून पार पडलो त्यातून जाणाऱ्यांना भेटावे, त्यांच्याशी बोलावे, अशा निश्चयाने त्यांनी ‘मेंडेड हार्ट्‌स’ नावाची संस्था स्थापन केली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भयाने गांगरलेल्या मनुष्यापुढे, तीच जखम अंगावर वागविणारा एक धडधाकट माणूस येऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या नुसत्या उभे राहण्यात जे आश्वासन असते ते कोणत्याही वैद्याच्या वाणीत येणे शक्य नाही, अशी माझी ठाम धारणा आहे.

वैद्यकाचे लक्ष या बाजूकडे वळले ते 1960 नंतर. 1964 आणि 1965 साली ओरेगॉन व न्यूयॉर्क येथील वैद्यांनी असे नोंदविले की, शस्त्रक्रियेनंतर काही दिवस पूर्ण शुद्धीवर असलेले रुग्ण एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागतात, त्यांना नसलेली माणसे दिसतात, परिचारिका आपल्या जिवावर उठली आहे असे वाटते. न्यूयॉर्कच्या अभ्यासकांनी त्याचा दोष केवळ रुग्णाच्या मनाकडे न लावता अतिदक्षता विभागाच्या रचनेकडेही बोट दाखविले: तेथे दिवस आणि रात्र यांत भेद नव्हता, दिवे मालवत नसत, यंत्रांचा नाद थांबत नसे, आणि सलग झोप तर दुर्लभच होती. सामान्य कक्षात हलवून शांत निद्रा मिळताच बरेचसे रुग्ण पूर्ववत होत, हा त्यातील सर्वांत दिलासा देणारा भाग. त्याच दशकात पिंजऱ्यातील गोळीसारख्या कृत्रिम झडपा बसविल्या जाऊ लागल्या आणि रात्रीच्या निःशब्द वेळी आपल्याच छातीतील टकटक ऐकत पडून राहण्याचे एक सर्वस्वी नवे ओझे मनुष्याच्या वाट्याला आले. कालांतराने त्याचीही सवय होते. पण ती होईपर्यंतच्या रात्री कोणाच्या दप्तरी नोंदल्या गेल्या नाहीत. स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांचा ऱ्हास मात्र मोजला गेला: 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत बायपास झालेल्यांपैकी 53 टक्के रुग्णांत इस्पितळ सोडताना आणि 24 टक्क्यांत 6 महिन्यांनंतर तो आढळला. त्यातील किती भाग यंत्राचा, किती वयाचा आणि किती मूळ व्याधीचा, यावर अद्याप वाद आहे.

पुन्हा देहाकडे वळावयाचे तर, शय्येविरुद्धचा सर्वांत बिनतोड पुरावा निरोगी माणसांवरील प्रयोगातून मिळाला. 1966 साली डॅलस येथे पाच तरुणांना 3 आठवडे बिछान्यात ठेवले, तेव्हा त्यांची श्रम करण्याची शक्ती एक चतुर्थांशाहून अधिक घटली. आणि 30 वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली असता, तीन दशकांनी वाढलेल्या वयानेही त्या 3 आठवड्यांइतकी हानी केली नव्हती असे आढळले.

आपल्या देशात ही विद्या रुजली तेव्हा पलंगाविषयीचा हा विवाद बराचसा मिटला होता. मुंबईच्या केईएम इस्पितळात प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 च्या फेब्रुवारीत हृदयरोपणाचा प्रयत्न केला. 1975 साली मद्रासमधील पेरांबूर येथील रेल्वे इस्पितळात के. एम. चेरियन यांनी भारतातील पहिली बायपास केली. आणि 1997 पासून जीवनदायी योजनेमुळे व पुढे महात्मा फुले यांच्या नावाच्या योजनेमुळे महाराष्ट्रातील निर्धन कुटुंबांनाही हृदयाच्या शस्त्रक्रियेचे दार उघडे झाले. पण इस्पितळातून रवानगी झाली की पुढचे महिने घरच्या माणसांच्याच पदरी येतात, आणि आपल्या घरांतील माया अजून जुन्याच शिरस्त्याने चालते. ‘तुम्ही उठू नका, मी आणून देते’ हे वाक्य प्रेमाचे असते. त्याच प्रेमापोटी वडिलांना महिनोन्‌महिने अंगणातही उतरू दिले जात नाही, आणि त्यांना अकारण भरून येते, चिडचीड होते, रात्री झोप लागत नाही, याविषयी कोणी डॉक्टरांपाशी अवाक्षर काढीत नाही. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक मराठी वाचकांनी इतक्या आत्मीयतेने का वाचले, याचे उत्तर मला येथेच सापडते. त्यांची छाती उघडावी लागली नव्हती. पण एका वैद्याने रुग्ण होऊन आपल्या भयाविषयी मोकळेपणाने लिहावे, ही गोष्ट अनेकांना हवीच होती.

बॉस्टनच्या त्या चार रुग्णांनी जे केले त्याला पैसा लागला नव्हता आणि यंत्रही लागले नव्हते. मुंबई, पुणे, नागपूर, मिरज येथील इस्पितळांत आज हजारो माणसे छातीवरचा उभा व्रण घेऊन तपासणीसाठी येतात, तासन्‌तास बाकांवर बसून राहतात आणि परत जातात. त्यांपैकी दोघे-चौघे जरी वरच्या मजल्यावर, उद्या ज्याची पाळी आहे अशा एखाद्या शेतकऱ्याच्या खाटेपाशी जाऊन अर्धा तास बसले, आणि इस्पितळाच्या कारभाऱ्यांनी अशा भेटींची रीतसर तजवीज केली, तर त्या शेतकऱ्याला आणि जिन्यात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला विचारावयाचे पुष्कळ प्रश्न असतील.